विषम लांबीचा लूप ट्रॅकमध्ये जागेवर का राहत नाही? कारणे आणि उपाय

पुण्यात घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत तयार करणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. किक, क्लॅप आणि हाय-हॅट हे ड्रमचे आवाज नेहमीप्रमाणे चार बीटच्या बारमध्ये बसवलेले असतात. त्यांच्यावर पाच किंवा सात बीटचा सिंथचा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा), नाहीतर तीन बारची बेसलाइन ठेवली जाते. पहिली काही आवर्तने छान वाटतात आणि मग आठव्या बारच्या आसपास काहीतरी बिनसते. कोणी म्हणतो की लूप घसरतो, कोणी म्हणतो की तो मध्येच उडी मारतो, तर कोणाची अडचण अशी असते की ड्रॉप (पूर्ण ठेका एकदम जोरात येतो ती जागा) येतो तेव्हा लूप समेवर नसतो. या तीन तक्रारी सरसकट एकच समजल्या जातात आणि म्हणून उपाय लागू पडत नाहीत. घसरणे, उडी मारणे आणि समेवर न येणे यांची कारणे वेगळी आहेत. नवे साउंड कार्ड आणायला तापकीर गल्लीत जाण्याआधी यांपैकी आपले दुखणे कोणते, एवढे ठरवले तरी निम्मे काम होते.

पुढील सर्व आकडेमोड 128 बीपीएम (मिनिटाला 128 बीट) हा टेम्पो धरून केली आहे. या टेम्पोत एक बीट 0.46875 सेकंदाचा आणि चार बीटचा एक बार 1.875 सेकंदाचा होतो. टेम्पो वेगळा असेल तर सेकंद बदलतील, बीट आणि बार यांचा हिशेब तोच राहील.

आधी निदान

लूपच्या पहिल्या मात्रेवर एक कोरडा, टोकदार आवाज ठेवावा. रिमशॉट किंवा मेट्रोनोमची टिकटिक चालेल. मग लूप किमान वीस बार चालू द्यावा, तो ऑडिओ रेकॉर्ड करावा आणि ग्रिड (पडद्यावरच्या बीटच्या रेषा) पुरेसा मोठा करून ती टिकटिक कुठे कुठे पडते ते पाहावे. टिकटिक दर वेळी वेगळ्या बीटवर, परंतु नेमकी ग्रिडच्या रेषेवर पडत असेल, तर लूपची लांबी बरोबर आहे आणि प्रश्न केवळ मोजणीचा आहे. टिकटिक रेषेच्या मागे किंवा पुढे पडत असेल आणि ते अंतर प्रत्येक आवर्तनागणिक वाढत असेल, तर फाइलची लांबीच चुकलेली आहे. अंतर वाढत नाही, मात्र एखाद्या ठरावीक बारवर टिकटिक अचानक भलतीकडे जाते, असे दिसले तर दोष मांडणीचा आहे. हे केवळ कानाने ठरवू नये, कारण पाच बीटचा लूप चार बीटच्या किकवर अगदी बरोबर चालत असला तरी सवय नसलेल्या कानाला तो चुकल्यासारखाच वाटतो.

लूप घसरतो: लांबीची चूक

सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे सॉफ्टवेअरने लावलेला अंदाज. एखादा छोटा लूप प्रोजेक्टमध्ये ओढला की बहुतेक सॉफ्टवेअर तो एक, दोन, चार किंवा आठ बारचा असणार असे गृहीत धरतात आणि त्यावरून मूळ टेम्पो काढतात. तीन बारचा लूप 5.625 सेकंदांचा असतो. तो दोन बारचा समजला गेला तर टेम्पो 85.33 दिसतो आणि चार बारचा समजला गेला तर 170.67. पाच बीटचा लूप चार बीटचा धरला तर 102.4 आणि सात बीटचा लूप आठ बीटचा धरला तर 146.29 हा आकडा येतो. क्लिपच्या (प्रोजेक्टमध्ये ठेवलेल्या तुकड्याच्या) टेम्पोच्या रकान्यात असा विचित्र अपूर्णांक दिसला की सॉफ्टवेअरने लूप ताणला किंवा आवळला आहे, हे ओळखावे. उपाय सोपा आहे: लूपमधील बीटची संख्या स्वतः मोजावी, तिला 60 ने गुणून लूपच्या सेकंदांनी भागावे आणि येणारा टेम्पो त्या रकान्यात हाताने भरावा. नंतर लूपची चौकट पाच किंवा सात बीटवर आणावी. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये ही चौकट बारऐवजी बीट आणि सोळांश (बीटचा चौथा भाग) या मापांत लिहिता येते. ती माउसने ओढत बसण्यापेक्षा आकडा टाइप करणे चांगले.

दुसरे कारण फाइलच्या प्रकारात असते. एमपीथ्री फाइल 1152 सॅम्पलच्या (आवाजाच्या सुट्या मापांच्या) तुकड्यांत बांधली जाते आणि ती तयार होताना सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता जोडली जाते. 44,100 च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला 44,100 सॅम्पल असताना, असा एक तुकडा सुमारे 26 मिलिसेकंदांचा असतो. गाणे ऐकताना हे कळत नाही, पण लूप फिरवताना दर आवर्तनाला एक बारीक ठेच लागते. आठ बीटच्या लूपमध्येही हा दोष असतोच. फरक इतकाच, की तिथे ही ठेच नेहमी बारच्या सुरुवातीला, किकच्या आवाजाखाली दडते आणि विषम लूपमध्ये ती फिरत राहिल्यामुळे उघडी पडते. मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेल्या दाबलेल्या फाइलींनाही हेच लागू आहे. लूपसाठी नेहमी डब्ल्यूएव्ही किंवा एआयएफएफ फाइल वापरावी आणि दाबलेली फाइलच उपलब्ध असेल तर ती आधी डब्ल्यूएव्हीमध्ये उतरवून दोन्ही टोके हाताने कापावीत.

तिसरे कारण सॅम्पल रेट. व्हिडिओमधून काढलेला आवाज बहुधा 48,000 चा असतो. संगणकावरचे सॉफ्टवेअर तो आपोआप जुळवून घेते, परंतु काही हार्डवेअर सॅम्प्लर (मुद्रित आवाज साठवून वाजवणारी यंत्रे) तसे करत नाहीत. अशा यंत्रावर 48,000 ची फाइल 44,100 ने वाजली की 128 चा लूप 117.6 वर येतो आणि स्वरही सुमारे दीड अर्धस्वर उतरतो. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर मोबाइलने चित्रित केलेला ढोल-ताशा सॅम्प्लरमध्ये टाकल्यावर जड आणि संथ वाटू लागला, तर पथकाला दोष देण्याआधी हे तपासावे.

सॅम्पलच्या मोजणीतल्या अपूर्णांकाबद्दलही पुष्कळ चर्चा होते. 44,100 च्या रेटला 128 बीपीएमचा एक बीट 20,671.875 सॅम्पलचा येतो. पाच किंवा सात बीटला पूर्णांक येत नाही. तो थेट आठ बीटला, 165,375 वर येतो. ही माहिती खरी असली तरी घसरण्याचे खापर तिच्यावर फोडण्यात अर्थ नाही. सात बीटचा लूप जवळच्या पूर्ण सॅम्पलवर कापला तर दर आवर्तनाला सॅम्पलचा आठवा भाग हरवतो आणि सहा मिनिटांच्या ट्रॅकमध्ये ही तूट मिलिसेकंदाच्या एक-तृतीयांशापर्यंतही पोचत नाही. हाताने कापताना राहिलेली चूक मात्र खरोखर महागात पडते. सात बीटच्या लूपच्या शेवटी पाच मिलिसेकंद जास्त राहिले आणि तो वॉर्प (लूप ताणून टेम्पोला जुळवणारी सोय) बंद ठेवून किंवा सॅम्प्लरमध्ये मोकळा फिरत असेल, तर सहा मिनिटांत तो एका संपूर्ण बीटपेक्षा जास्त मागे पडतो. तरीही ज्यांना अपूर्णांक सहनच होत नाही त्यांनी प्रोजेक्ट 48,000 वर ठेवावा, तिथे 128 चा बीट बरोबर 22,500 सॅम्पलचा होतो. किंवा 44,100 वरच राहून टेम्पो 125, 126 अथवा 140 घ्यावा.

तबल्याचा लूप

हा प्रकार पुण्यात इतका चालतो की त्याकडे वेगळे पाहिले पाहिजे. घरात किंवा शेजारी कोणीतरी तबला वाजवणारे असते, त्यांच्याकडून झपतालाचे एखादे आवर्तन मुद्रित करून घेतले जाते आणि ते हाउस किंवा टेक्नोच्या किकवर बसवण्याचा प्रयत्न होतो. झपताल दहा मात्रांचा आहे. त्याची लय मिनिटाला 64 मात्रा ठेवली तर एक मात्रा 128 च्या दोन बीटइतकी होते, पूर्ण आवर्तन वीस बीटचे म्हणजे नेमके पाच बारचे आणि 9.375 सेकंदांचे होते. किकशी हिशेब इतका स्वच्छ जुळतो की झपताल जणू याच कामासाठी घेतला असावा. रूपक तालाच्या सात मात्रा याच लयीत चौदा बीट, म्हणजे साडेतीन बार घेतात. त्यामुळे रूपकाची सम एका आवर्तनात बारच्या पहिल्या बीटवर आणि पुढच्या आवर्तनात तिसऱ्या बीटवर पडते. रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवर असल्यामुळे तिथे डग्ग्याचा घुमारा नसतो आणि नवख्या माणसाला लूप कुठून सुरू झाला हेच सापडत नाही. असा लूप कापताना कान डग्ग्यावर ठेवू नये, बोल म्हणत कापावा.

अडचण अशी असते की मेट्रोनोमशिवाय वाजवलेल्या तबल्याची लय किंचित हलते. ती हलते म्हणूनच ऐकावीशी वाटते, ही गोष्ट वेगळी. सॉफ्टवेअरला मोकळे सोडले तर ते प्रत्येक ठळक आघातावर वॉर्पची खूण मारते आणि सगळा ठेका इस्त्री केल्यासारखा सपाट होतो. झपतालात चार खुणा पुरतात: पहिल्या मात्रेची सम, तिसऱ्या मात्रेची टाळी, सहाव्या मात्रेची खाली आणि आठव्या मात्रेची टाळी. 'धी ना धी धी ना, ती ना धी धी ना' या बोलांतील पहिला 'धी', तिसऱ्या मात्रेचा 'धी', 'ती' आणि त्यानंतरच्या जोडीतला पहिला 'धी' एवढे ग्रिडवर आणावेत आणि मधले बोल जसे वाजले तसे राहू द्यावेत. एवढे करूनही एखादा 'ना' किकच्या पुढेमागे वाटला तर तेवढाच हलवावा. पाचव्या बारच्या अखेरीस पुढच्या आवर्तनाची समही मुद्रित करून घेतली तर लूपचे टोक कुठे कापायचे याबद्दल शंका उरत नाही, म्हणून वादकाला नेहमी दोन आवर्तने आणि पुढची सम वाजवायला सांगावे.

ड्रॉपवर समेला येत नाही: मोजणीचा प्रश्न

इथे काहीच बिघडलेले नसते. पाच बीटचा लूप आणि चार बीटचा बार दर वीस बीटनी, म्हणजे पाच बारनी एकत्र येतात. पण नृत्यसंगीताची वाक्ये आठ आणि सोळा बारची असतात. सोळा बारच्या वाक्याच्या आरंभी पाच बीटच्या लूपची सुरुवात पुन्हा यायला 80 बार, म्हणजे अडीच मिनिटे लागतात. सात बीटच्या लूपला 112 बार, म्हणजे साडेतीन मिनिटे लागतात. तीन बारची बेसलाइन त्या मानाने सोशीक आहे, ती 48 बारनी म्हणजे दीड मिनिटाने परतते. पाच आणि सात असे दोन लूप एकाच वेळी लावले तर दोघांची सुरुवात सोळा बारच्या आरंभी एकत्र यायला साडेसतरा मिनिटे हवीत. तोवर ट्रॅक संपून डीजेने पुढचे दोन लावलेले असतात. म्हणून एका वेळी एकच विषम लूप ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा हवासा वाटला तर पहिला थांबवून आणावा.

ड्रॉपवर लूपची पहिली मात्रा यावी यासाठी सहसा लूप शेवटी कापून टाकला जातो. सोळा बारमध्ये 64 बीट असतात. पाच बीटची बारा आवर्तने झाली की चार बीट उरतात आणि तेराव्या आवर्तनाचा शेवटचा बीट छाटावा लागतो. हे चालते, पण ड्रॉपच्या तोंडावर वाक्य तुटल्याचे जाणवते. आपल्याकडे तबलजी तिहाईची सुरुवात समेपासून उलटी मोजून ठरवतात, तीच रीत इथे अधिक शोभते. उरलेले बीट शेवटी न ठेवता सुरुवातीला सोडावेत. पाच बीटचा लूप सोळा बारच्या बांधणीत वापरायचा असेल तर पहिला अख्खा बार मोकळा सोडून तो दुसऱ्या बारपासून सुरू करावा. बारा पूर्ण आवर्तने होतात आणि तेराव्याची पहिली मात्रा ड्रॉपवर पडते. त्या मोकळ्या बारमध्ये आधीच्या भागाच्या रीव्हर्बची (घुमाऱ्याच्या इफेक्टची) शेपटी विरते, हा वरचा लाभ. सात बीटच्या लूपसाठी एकच बीट सोडावा लागतो, नऊ आवर्तने बसतात. तीन बारच्या बेसलाइनसाठी एक बार सोडावा. बांधणी आठच बारची असेल तर पाच बीटसाठी दोन बीट, सातसाठी चार बीट आणि तीन बारच्या लूपसाठी दोन बार सोडावेत.

एबलटन लाइव्हमध्ये क्लिपच्या आरंभाची खूण आणि लूपच्या चौकटीची सुरुवात या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यामुळे मोकळी जागा सोडायची नसेल तर लूप मधूनच सुरू करूनही हेच साधता येते: सोळा बारच्या बांधणीत पाच बीटच्या लूपची आरंभखूण दुसऱ्या बीटवर ठेवली की पहिल्या खेपेला शेवटचे चार बीट वाजतात आणि पुढची बारा आवर्तने पूर्ण होतात.

लूप उडी मारतो: मांडणीची चूक

हा दोष जवळजवळ नेहमी नकला काढताना शिरतो. आठ बारचा भाग निवडून त्याची नक्कल पुढे ठेवली की किक आणि हॅटला काही होत नाही, पण विषम लूप नव्या तुकड्याच्या तोंडाशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पाच बीटच्या लूपची आठ बारमध्ये सहा आवर्तने आणि दोन बीट होतात. सातव्या आवर्तनाचे उरलेले तीन बीट गडप होतात आणि ऐकणाऱ्याला ती उडी वाटते. विषम लूपचा ट्रॅक सर्वांत शेवटी मांडावा आणि त्याची क्लिप पूर्ण भागभर एकाच अखंड ओढीने पसरवावी. आधीच तुकडे झाले असतील तर ते पुसून पहिलीच क्लिप उजवीकडे ओढावी. तुकड्यांना जोडून एक ऑडिओ फाइल केल्याने उडी त्यातच कायमची गोठते, त्यामुळे तो मार्ग उपयोगाचा नाही.

एबलटन लाइव्हच्या सेशन या पडद्यावर, जिथे क्लिप बटणाने सुरू करतात, क्लिप पुढच्या बारच्या आरंभी सुरू होते, अशी मुळातली योजना आहे. बटण कोणत्या बारमध्ये दाबले यावर विषम लूप आणि इतर वाद्ये यांचे नाते ठरते, म्हणून "काल चांगले वाजले, आज तसे होत नाही" ही तक्रार येते. जो मेळ आवडला तो लगेच अरेंजमेंटमध्ये (ट्रॅक सलग मांडण्याच्या पडद्यावर) मुद्रित करून ठेवावा. एका क्लिपवरून दुसरीवर जाताना मोजणी तुटू द्यायची नसेल तर क्लिपचा लेगाटो पर्याय (नवी क्लिप आधीचीच मोजणी धरून पुढे चालवणारा) चालू करावा.

एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये पाच बीटचा पॅटर्न प्लेलिस्टमध्ये ठेवल्यावर तो पूर्ण दोन बारची जागा घेतो आणि मागे तीन बीट शांतता राहते. क्लिपची उजवी कड पाच बीटवर ओढून मग तिच्या नकला एकमेकींना चिकटवाव्यात. एलेक्ट्रॉनच्या डिजिटॅक्ट किंवा ऑक्टाट्रॅकसारख्या यंत्रांत प्रत्येक ट्रॅकला वेगळी लांबी देता येते, परंतु सर्व ट्रॅक एकदम पहिल्यापासून सुरू करणारी एक मुख्य लांबीही तिथे असते. ती 64 पावलांवर (सोळांशांवर), म्हणजे चार बारवर असेल तर विषम ट्रॅक दर चार बारनी परत ओढला जातो. हे कधी हवेही असते. नको असेल तर मुख्य लांबी वाढवावी किंवा अनंतावर न्यावी.

दर दुसऱ्या खेपेला हॅट लंगडतो

लांबी, मोजणी, मांडणी सगळे बरोबर असूनही एक आड एक आवर्तन खटकत असेल तर स्विंग पाहावा. सोळांशाच्या स्विंगमध्ये दर दुसरा सोळांश किंचित उशिरा वाजतो. लूपची लांबी सात, अकरा किंवा पंधरा अशा विषम सोळांशांची असेल आणि स्विंग नोट सरकवून लूपमध्येच कोरलेला असेल, तर दुसऱ्या खेपेला उशिराचे आघात सरळ जागांवर आणि सरळ आघात उशिराच्या जागांवर येतात. मुख्य हाय-हॅटशी त्यांची टक्कर होते आणि एकाच आघाताचे दोन ऐकू येतात. पाच बीट म्हणजे वीस सोळांश आणि सात बीट म्हणजे अठ्ठावीस, त्यामुळे पूर्ण बीटच्या लूपला ही बाधा होत नाही. सात सोळांशांचा लूपच हवा असेल तर तो दोनदा लिहून चौदाचा करावा आणि मग स्विंग द्यावा. ज्या लूपच्या आवाजात साइडचेनचा (किक वाजताच दुसरा आवाज खाली दाबणाऱ्या सोयीचा) दबका आधीच उतरला आहे त्याचेही तसेच आहे: लांबी पूर्ण बीटची नसेल तर तो दबका किकपासून सुटतो, म्हणून असा लूप साइडचेन लावण्यापूर्वीच मुद्रित करावा.

जोडावर टक आवाज आणि तुटलेली शेपटी

टक आवाज आला तर दोन्ही टोके तरंग शून्यावर असताना कापावीत किंवा काही मिलिसेकंदांचा फेड द्यावा. शेपटीचे काम थोडे वेगळे आहे. रीव्हर्ब किंवा डिलेसकट लूप बाहेर काढला की शेवटच्या नोटेचा घुमारा कापला जातो आणि पुढचे आवर्तन कोरडे सुरू होते. लाइव्हच्या एक्स्पोर्टमध्ये लूप म्हणून रेंडर करण्याचा (ऑडिओ फाइल बनवण्याचा) पर्याय आहे; एफएल स्टुडिओत शिल्लक शेपटी सुरुवातीला गुंडाळून घेण्याचा पर्याय आहे. ही सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये लूप सलग दोनदा रेंडर करावा आणि दुसरे आवर्तन कापून वापरावे.

स्वरांचा झगडा

बेसलाइन तीन बारची आणि कॉर्ड चार बारचे असतील तर बारा बारमध्ये प्रत्येक बेस नोट प्रत्येक कॉर्डखाली येऊन जाते आणि त्यांतल्या काही जोड्या बेसूर लागणारच. ताल विषम आणि स्वर सम, ही विभागणी सर्वांत निर्धोक ठरते: बेसचा ठेका तीन बारचा ठेवावा, पण नोट कोणती वाजायची हे चार बारच्या कॉर्डवरून ठरू द्यावे. इतका खटाटोप नको असेल तर एकाच कॉर्डवर ट्रॅक उभा करावा. टेक्नोत ते सहज खपते.

डीजेच्या हातात गेल्यावर

मुंढवा किंवा कोरेगाव पार्कच्या क्लबमधला डीजे तुमचा ट्रॅक चार, आठ किंवा सोळा बीटच्या ऑटोलूपवर (डीजेच्या यंत्राने आपोआप फिरवलेल्या तुकड्यावर) धरणार. पाच बीटची धून चार बीटच्या ऑटोलूपमध्ये अडकली की तिचा एक बीट कायमचा बाहेर राहतो आणि तो ट्रॅकचाच दोष समजला जातो. म्हणून पहिले आणि शेवटचे सोळा बार केवळ सम लांबीच्या वाद्यांचे ठेवावेत, विषम लूप सतराव्या बारपासून आत घ्यावा आणि शेवटच्या सोळा बारच्या आधी तो फिल्टरने हळूहळू न मिटवता एखाद्या पूर्ण आवर्तनाच्या शेवटी बंद करावा. रेकॉर्डबॉक्स या डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये बीटग्रिड तपासताना पहिली खूण किकवर लावावी. विषम लूपच्या सुरुवातीवर लावल्यास बारचा पहिला बीट चुकीच्या जागी दिसतो आणि मिक्स करताना दोन्ही ट्रॅकची वाक्ये एकमेकांना छेदतात.